स्नूकर शूट आउटचे निकाल कसे वाचायचे?

प्रश्न असा आहे: चौदा वर्षांचा मुलगा क्लबात स्नूकर शिकतो. त्याला 'शूट आउट' या दहा मिनिटांच्या स्पर्धेचं वेड लागलंय. वडिलांनी निकालांची यादी पाहिली तर दरवर्षी विजेता वेगळा आणि मोठी नावं केव्हाच बाहेर पडलेली. मग ही स्पर्धा म्हणजे नशिबाचा खेळ आहे का, तिला रँकिंगचा दर्जा का आहे (म्हणजे तिचे निकाल खेळाडूंच्या क्रमवारीत का धरले जातात), आणि मुलाला असं घाईघाईनं खेळू द्यावं का?

मी बरीच वर्षं खेळतोय आणि मुलांना शिकवतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार. आधी थोडक्यात सांगतो. टेबलावर जे घडतं त्यात नशिबाचा वाटा लोकांना वाटतो त्याहून बराच कमी असतो. नशीब शिरतं ते 'एकच फ्रेम', म्हणजे एकच डाव, या अटीतून. घड्याळ आणि एक फ्रेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या करून पाहिल्या की सगळे निकाल नीट कळतात.

नियम पाहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सामना एकाच फ्रेमचा, जास्तीत जास्त दहा मिनिटांचा. पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येक शॉटला १५ सेकंद, पुढच्या पाच मिनिटांत १०. फ्रेम कोण फोडणार, म्हणजे सुरू करणार, हे लॅगवर ठरतं: दोघांनी चेंडू पलीकडच्या कडेवर आपटून परत आणायचा, ज्याचा अलीकडच्या कडेच्या जास्त जवळ थांबेल तो जिंकला. प्रत्येक शॉटमध्ये एक तर चेंडू पॉट व्हायला हवा, म्हणजे पॉकेटात जायला हवा, नाहीतर कुठल्या तरी चेंडूनं कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) स्पर्श करायला हवा. फाउल झाला की समोरच्याला व्हाइट (ज्या पांढऱ्या चेंडूनं बाकीचे मारतात तो) टेबलावर कुठेही ठेवता येते. वेळ संपली तर तोही फाउलच, किमान पाच गुणांचा. दहा मिनिटांनंतर गुण समान असतील तर ब्लू तिच्या जागी ठेवून 'डी'मधून (टेबलाच्या एका टोकाच्या अर्धवर्तुळातून) आळीपाळीनं पॉट करायची, सारख्याच प्रयत्नांत एकाची गेली आणि दुसऱ्याची चुकली की चुकणारा हरला. सोडत प्रत्येक फेरीला नव्यानं निघते आणि तिच्यात मानांकन नसतं, त्यामुळे दोन बडे खेळाडू पहिल्याच फेरीत समोरासमोर येऊ शकतात. शिवाय प्रेक्षकांना आरडाओरडा करायची मुभा असते. एरवी स्नूकरच्या हॉलमध्ये कुणी खोकलं तरी रेफरी मान वर करतो.

ही कल्पना तशी जुनी. १९९० मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या ट्रेंटम गार्डन्समध्ये अशी एक स्पर्धा झाली होती. वेल्सच्या डॅरेन मॉर्गननं अंतिम फेरीत माइक हॅलेटला हरवून ती जिंकली. त्यानंतर ती थेट २०११ मध्ये परतली, ब्लॅकपूलच्या टॉवर सर्कसमध्ये. त्या वर्षीचा विजेता नायजेल बाँड. १९९५ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत स्टीफन हेंड्रीविरुद्ध अंतिम फेरी खेळलेला, तोवर चाळिशी ओलांडलेला, शांत आणि पद्धतशीर खेळाडू. परतलेल्या या घड्याळाच्या स्पर्धेचा पहिला विजेता असा असेल हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. त्यानं रॉबर्ट मिल्किन्सला ५८–२४ असं हरवलं, आणि मिल्किन्स तर झपाट्यानं खेळणाऱ्यांपैकी.

हा पहिलाच निकाल मला महत्त्वाचा वाटतो. शूट आउट हात जलद असणाऱ्यांसाठी आहे, असा समज आहे. प्रत्यक्षात ती निर्णय जलद असणाऱ्यांसाठी आहे. टेबलाशी पोचायच्या आतच कुठला चेंडू, कुठला पॉकेट आणि व्हाइट कुठे थांबवायची हे ज्याचं ठरलेलं असतं, त्याला १५ सेकंद भरपूर होतात. बाँडसारख्या अनुभवी माणसाला टेबल बघताक्षणी कळतं. कच्चा खेळाडू पाच सेकंदांत वाकेल, पण उरलेले दहा सेकंद शॉटवर वाकलेल्या अवस्थेतच विचार करत घालवेल. वाकून विचार करणं हा स्नूकरमधला सगळ्यात महाग रोग.

आता निकालांकडे वळू. २०१९ मध्ये थायलंडच्या थेपचैया उन-नूहनं मायकेल होल्टला ७४–० हरवलं. २०२० मध्ये त्याच होल्टनं झोउ युएलाँगला ६४–१ हरवून विजेतेपद मिळवलं. २०२१ मध्ये रायन डेनं मार्क सेल्बीला ६७–२४. २०२२ मध्ये इराणच्या हुसेन वफाईनं मार्क विल्यम्सला ७१–०. २०२३ च्या जानेवारीत क्रिस वेकलिननं बेल्जियमच्या ज्युलियन लेक्लर्कला ११९–०.

पाचपैकी चार अंतिम सामन्यांत हरणाऱ्याचे गुण शून्य किंवा एक आहेत. याचा अर्थ हरणारा वाईट खेळला असा लावू नका. त्याला खेळायला मिळालंच नाही, असा लावा. स्नूकरमध्ये समोरचा पॉट करत असताना तुम्ही खुर्चीत बसलेले असता आणि करण्यासारखं काहीच नसतं. साध्या सामन्यात खुर्चीत गेलेली ती फ्रेम पुढच्या फ्रेममध्ये भरून काढता येते. इथे पुढची फ्रेमच नाही. जिंकायला लागणारे गुणही पाहा: वेकलिनचा अपवाद सोडला तर साधारण साठ ते पंचाहत्तर. म्हणजे सुरुवातीच्या सेफ्टीतून (समोरच्याला सोपा चेंडू न ठेवणाऱ्या बचावाच्या शॉटमधून) आलेली पहिली चांगली संधी आणि तिच्यावर रचलेला साठ-सत्तरचा एक ब्रेक, म्हणजे सलग पॉट करून मिळवलेले गुण. शूट आउटचा बहुतेक सामना इथेच संपतो. म्हणून 'पहिला खुला रेड कुणाला मिळाला' हे बघा. स्कोअरबोर्ड बदलायच्या आधीच निकालाचा अंदाज येऊ लागतो.

आता नशिबाची गोष्ट, जरा आकड्यांत. समजा एखादा खेळाडू इतका चांगला आहे की समोरच्याविरुद्ध कुठलीही एक फ्रेम तो शंभरपैकी साठ वेळा जिंकेल. व्यावसायिक पातळीवर हा मोठा फरक आहे. एका फ्रेमच्या सामन्यात त्याची शक्यता ६० टक्केच राहते. सातपैकी चार फ्रेम जिंकायच्या सामन्यात ती साधारण ७१ टक्के होते. जागतिक स्पर्धेच्या पहिल्या फेरीत १९ पैकी १० जिंकायच्या असतात, तिथे ८१ च्या आसपास जाते. सामना जितका लांब, तितका चांगला खेळाडू वर येतो.

शूट आउटमध्ये १२८ खेळाडू असतात, म्हणजे विजेत्याला सलग सात सामने जिंकावे लागतात. साठ टक्केवाला आपला खेळाडू सातही जिंकेल याची शक्यता तीन टक्क्यांहूनही कमी येते. फ्रेममागे सत्तर टक्के धरले, म्हणजे जवळपास अजिंक्यच, तरी जेमतेम आठ टक्के. २०११ ते २०२४ या काळात पंधरा स्पर्धा झाल्या (२०२३ मध्ये दोन, जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये) आणि पंधरा वेगळे विजेते मिळाले, त्याचं कारण हेच. या आकड्यांपुढे एखादा खेळाडू तीन वेळा जिंकला असता तर मला जास्त आश्चर्य वाटलं असतं.

शेफिल्डच्या क्रूसिबलमध्ये जगज्जेता व्हायला १०, १३, १३, १७ आणि १८ अशा मिळून ७१ फ्रेम जिंकाव्या लागतात. शूट आउटला सात. हा फरक लक्षात ठेवला की सेल्बी किंवा विल्यम्ससारखे जगज्जेते अंतिम फेरीत हरले याचं दुःख होत नाही. उलट इतक्या बेभरवशाच्या सोडतीतून ते अंतिम फेरीपर्यंत आले कसे, याचं कौतुक वाटतं. सहा वेगवेगळे प्रतिस्पर्धी, सहा फ्रेम आणि एकही घसरण नाही. ही गोष्ट सहज घडत नाही.

मग दोष घड्याळाचा का? मुळीच नाही, आणि याचा चांगला पुरावा आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीग या स्नूकर स्पर्धेत २००५ पासून प्रत्येक शॉटला २५ सेकंदांचं घड्याळ होतं. तिथे सामने अनेक फ्रेमचे असत. २००६, २००७, २००८, २०१० आणि २०११ या वर्षी ती लीग जिंकली एकट्या रॉनी ओ'सुलिव्हननं. घड्याळ लावल्यावरही सर्वोत्तम खेळाडू वर येतोच, फक्त त्याला फ्रेम पुरेशा द्याव्या लागतात. घड्याळामुळे खेळाची परीक्षा बदलते, आणि एका फ्रेममुळे त्या परीक्षेच्या गुणांचा भरवसा जातो. मुलाला एवढं नीट समजावलंत तरी पुष्कळ झालं.

रँकिंगचा प्रश्न इथूनच येतो. २०१७ मध्ये वॉटफर्डला झालेल्या स्पर्धेपासून शूट आउटला रँकिंगचा दर्जा मिळाला. स्कॉटलंडच्या अँथनी मॅकगिलनं त्या वर्षी चीनच्या शाओ गुओदाँगला ६७–१९ हरवलं. व्यावसायिक रँकिंग दोन वर्षांच्या बक्षीस रकमेवर ठरतं. अलीकडे शूट आउटच्या विजेत्याला ५०,००० पौंड मिळतात. साठाव्या-सत्तराव्या क्रमांकाच्या खेळाडूसाठी हा आकडा आयुष्य बदलणारा आहे, कारण पहिल्या ६४ मध्ये राहिलं तर व्यावसायिक कार्ड, म्हणजे व्यावसायिक स्पर्धा खेळायचा हक्क, टिकतं.

माझं मत स्पष्ट आहे: एका फ्रेमच्या स्पर्धेची पूर्ण रक्कम रँकिंगमध्ये धरू नये. कार्ड टिकतं की जातं हे ज्या यादीवर ठरतं, ती यादी जास्तीत जास्त भरवशाची असायला हवी. वर्षभर पात्रता फेऱ्यांत मेहनत करून एकेक विजय गोळा करणाऱ्या मुलावर अशानं अन्याय होतो. बक्षीस जरूर द्यावं, मोठं द्यावं. रँकिंगमध्ये त्याचा निम्मा भाग धरला तरी चालेल.

पण दुसरी बाजूही मी मनापासून मानतो. रँकिंग दर्जा मिळाल्यापासून २०२४ पर्यंत नऊ स्पर्धा झाल्या. त्यांतल्या सहा विजेत्यांचं ते पहिलंच रँकिंग विजेतेपद होतं: मायकेल जॉर्जिओ, उन-नूह, होल्ट, वफाई, वेकलिन आणि टॉम फोर्ड. वफाई तर रँकिंग स्पर्धा जिंकणारा पहिला इराणी. ज्या देशात हा खेळ खेळणाऱ्याला सरावाला टेबल मिळवण्यापासून लढावं लागतं, तिथल्या एखाद्या मुलाला ७१–० हा आकडा काय देऊन गेला असेल, याची कल्पना आपण भारतातले लोक करू शकतो. फोर्ड मूळचा लेस्टरचा आणि त्यानं ही स्पर्धा लेस्टरमध्येच जिंकली, थोड्या गुणांच्या फरकानं. गावच्या माणसांसमोर मिळालेलं पहिलं विजेतेपद.

आणि हे विजेते काही वाऱ्यावर आलेले नाहीत. उन-नूहनं २०१९ च्या फेब्रुवारीत शूट आउट जिंकली. त्याच वर्षी क्रूसिबलला पहिल्या फेरीत त्यानं इंग्लंडच्या जड ट्रम्पला शेवटच्या फ्रेमपर्यंत खेचलं. ट्रम्प १०–९ असा कसाबसा वाचला आणि पुढे जगज्जेता झाला. वेकलिननं २०२३ मध्येच नॉर्दर्न आयर्लंड ओपनची अंतिम फेरी गाठली. दोनदा शूट आउटची अंतिम फेरी हरलेल्या शाओ गुओदाँगनं २०२४ मध्ये वुहान ओपन जिंकली, तीही पूर्ण लांबीचे सामने खेळून.

आपल्याकडची एक आठवणही यात बसते. २०१५ मध्ये ब्लॅकपूलची शूट आउट जिंकली वेल्सच्या मायकेल व्हाइटनं, शाओला ५४–४८ असं निसटतं हरवून. त्याच वर्षी मार्चमध्ये इंडियन ओपन मुंबईत झाली. तिथल्या अंतिम फेरीत व्हाइटनं रिकी वॉल्डनला ५–० असं गुंडाळलं आणि आपलं पहिलं रँकिंग विजेतेपद मुंबईत घेतलं. मॅकगिलचंही तसंच. पहिलं रँकिंग विजेतेपद २०१६ मध्ये हैदराबादच्या इंडियन ओपनमध्ये, दुसरं शूट आउटमध्ये. छोट्या फ्रेमसंख्येच्या स्पर्धांत चमकणारे खेळाडू बहुधा सारखे असतात: आक्रमक, लांबचा पॉट न घाबरता घेणारे, पहिल्या संधीवर झडप घालणारे. इंडियन ओपनचे सामनेही तुलनेनं आखूडच असत.

तुमच्या मुलाला ज्यातून सगळ्यात जास्त शिकायला मिळेल तो भाग म्हणजे शेवटची दोन मिनिटं. तिथे स्नूकर वेगळाच खेळ होतो.

समजा अ वीस गुणांनी पुढे आहे, साठ सेकंद उरलेत आणि टेबल ब कडे आहे. साधा रेड आणि ब्लॅक मिळून आठ गुण, म्हणजे ब ला तीन जोड्या हव्यात, सहा पॉट. शॉटमागे आठ सेकंद धरले तर ४८ सेकंद. जमू शकतं, पण व्हाइट प्रत्येक वेळी जवळच थांबायला हवी. टेबलाला फेरी मारून पलीकडे जायला लागलं की तीन सेकंद गेले. म्हणून अशा वेळी शहाणा खेळाडू ब्लॅकचा हट्ट धरत नाही. पिंक समोर असेल तर पिंक. गुण एक कमी, पण चालणं वाचतं.

आता टेबल अ कडे असेल तर उलटा हिशेब. तो प्रत्येक शॉटला नऊ सेकंद घेणार, हे सगळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट पुढची. सामन्याचं घड्याळ चेंडू फिरत असतानाही चालू असतं, तर शॉटचं घड्याळ चेंडू थांबल्यावर सुरू होतं. म्हणून अनुभवी खेळाडू मंद गतीचा, दोन-तीन कुशन घेणारा सेफ्टी शॉट खेळतो. व्हाइट टेबलभर रमतगमत फिरते, सेकंद गळत राहतात आणि कुशनची अटही पूर्ण होते. यात लबाडी काहीच नाही, ही नियमांची उत्तम समज आहे. सोबत तो ब्लॅक किंवा पिंक हळूच कुशनला चिकटवून ठेवतो, म्हणजे समोरच्याला मोठे गुण सहज मिळत नाहीत.

फाउलनंतर व्हाइट कुठेही ठेवता येते, या नियमानं स्नूकर टाकण्याची, म्हणजे समोरच्याला हव्या चेंडूची सरळ वाट अडवून ठेवण्याची, किंमत दुप्पट होते. एरवी फाउलचे चार गुण मिळतात आणि बऱ्याचदा अवघड शॉटच हाती येतो. इथे चार गुणांच्या वर हवी ती जागा मिळते, आणि तिथून चांगला व्यावसायिक चाळीस-पन्नासचा ब्रेक लावूनच उठतो. पण शॉटला दहाच सेकंद असताना स्नूकर आखायलाही वेळ नसतो. ज्यांच्या हातात सेफ्टीचे ठरलेले शॉट पक्के मुरलेले असतात, त्यांनाच तो टाकता येतो. जलद स्पर्धेत सेफ्टी निरुपयोगी असं म्हणणाऱ्यांनी सेल्बीचा २०२१ चा अंतिम फेरीपर्यंतचा प्रवास बघावा.

आणखी एक: रेस्ट, म्हणजे हात पोचत नाही तिथे क्यू टेकवायची काठी. रेस्ट काढा, लावा, खेळा, परत ठेवा, यात सेकंद जातात आणि मन घाईत येतं. दुसऱ्या हातानं साधे पॉट मारता येणाऱ्याला शूट आउटमध्ये फार मोठा फायदा असतो. मी माझ्या मुलांकडून डाव्या हाताचा सराव करून घेतो, तो शूट आउटसाठी नव्हे, पण इथे त्याचं मोल चटकन दिसतं.

आता मुलाचं. घड्याळ लावून खेळू द्या, पण दोन अटींवर. पहिली, त्याची शॉटपूर्वीची शिस्त पक्की झालेली असावी: मागे उभं राहून रेषा बघणं, त्या रेषेवर पाऊल टाकून वाकणं, ठरावीक वेळा क्यू मागेपुढे करणं, थांबणं, मारणं. उन-नूह जगातल्या सर्वांत जलद खेळाडूंपैकी, पण त्याचीही नेहमीची सरासरी शॉटमागे सोळा-सतरा सेकंदांची. बहुतेक व्यावसायिक वीस ते तीस सेकंद घेतात. म्हणजे १५ सेकंद हा व्यावसायिकांनाही ताण आहे. कच्च्या शिस्तीवर हा ताण पडला तर मूल पहिली कुठली गोष्ट सोडतं? थांबणं. मग डोकं शॉटच्या आधीच वर येतं, क्यू वाकडी जाते, आणि ती सवय घालवायला कित्येक महिने लागतात.

दुसरी अट, रोज नको. आठवड्यातून एखाद्या सत्राच्या शेवटी, अर्धा तास. त्यातही सुरुवातीला पूर्ण फ्रेम नको. ब्लॅकच्या आसपास सहा रेड पसरून लावा, रंगीत चेंडू आपापल्या जागी, मोबाइलवर १५ सेकंदांचा गजर. त्याला एकच गोष्ट सांगा: पहिल्या पाच सेकंदांत उभ्यानंच ठरवायचं, वाकल्यावर बदलायचं नाही. ठरवलेलं चूक निघालं तरी तोच शॉट मारायचा. हे जमलं की १२ सेकंद, मग १०. त्याच्या ब्रेकचे गुण मोजू नका. वाकल्यानंतर त्यानं किती वेळा मन बदललं, ते मोजा.

आपल्याकडच्या पार्लरमध्ये मिनिटाचे पैसे आणि 'हरेल तो देईल' या रिवाजानं मुलं आधीच घाईत खेळतात. ती घाई आणि शूट आउटची गती यांचा संबंध नाही. पार्लरमध्ये मुलगा न बघता मारतो. शूट आउटमध्ये चांगला खेळाडू आधीच बघून ठेवतो, समोरचा खेळत असताना, खुर्चीत बसल्या बसल्या.

म्हणून सामने बघायला बसाल तेव्हा त्याला खुर्चीतल्या खेळाडूकडे बघायला सांगा. प्रक्षेपणात मधूनमधून तो दिसतोच. काहींचे डोळे घड्याळावर असतात, काहींचे टेबलावर. समोरच्याचा पॉट चुकला की टेबलावर डोळे असलेला माणूस उठून सरळ आपल्या शॉटच्या रेषेवर जाऊन उभा राहतो, दुसरा आधी टेबलाभोवती फिरतो. कॅमेरा ज्या बाजूला असेल त्यावर हे नेहमी दिसेलच असं नाही, पण दिसलं की सामना थांबवून त्याला दाखवा आणि पुढचा शॉट काय असेल ते आधी त्याच्याकडून वदवून घ्या.

मुंबईचा ईशप्रीत सिंग चढ्ढा व्यावसायिक सर्किटवर खेळलाय. मुंबईच्याच आदित्य मेहतानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या इंडियन ओपनची अंतिम फेरी गाठली होती. या दोघांचे लांब सामने मिळतील तेवढे मुलाला दाखवा. शूट आउटचे दहा मिनिटांचे सामने तो आपण होऊन बघणारच आहे. नऊ फ्रेमचा सामना, ज्यात मधली दोन फ्रेम नुसत्या सेफ्टीत जातात, तो बघायला मात्र शेजारी कुणीतरी मोठं बसावं लागतं.